पुन्हा पुन्हा बंद-चालू होणारा प्रिंटर : दोष यंत्राचा, विजेचा की मजकुराचा?

नवी दिल्ली – संगणकावरून छपाईचा आदेश जातो, प्रिंटर कागद ओढू लागतो आणि मध्येच त्याचे दिवे मालवतात. क्षणभराने यंत्र आपोआप पहिल्यापासून सुरू होते. पाचएक मिनिटांनी पुन्हा तेच घडते. घरगुती वायरलेस प्रिंटरबाबतची ही तक्रार सर्वत्र आढळते. मात्र दक्षिण दिल्लीतील मुनिरकासारख्या दाट वस्तीत तिला स्थानिक कारणांचीही जोड मिळते. त्यामुळे यंत्र निर्दोष असूनही ते दुरुस्तीला नेले जाण्याची किंवा थेट भंगारात जाण्याची शक्यता येथे अधिक असते.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारी असलेले मुनिरका हे मूळचे गाव. शहर वाढत गेले आणि गाव त्याच्या पोटात आले. अरुंद गल्ल्या, एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या चार-पाच मजली इमारती आणि प्रत्येक मजल्यावर भाड्याच्या खोल्या असे तिचे आजचे स्वरूप आहे. विद्यापीठातील संशोधक, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार, नोकरदार आणि लहान कुटुंबे येथे राहतात. महाराष्ट्रातून आलेल्यांचाही त्यांत समावेश असतो. प्रबंधाचा मसुदा, शुद्धलेखनाच्या तपासणीसाठी काढायची प्रत, अर्ज, भाडेकरार अशा कामांसाठी दोघा-तिघांनी मिळून एक प्रिंटर घेण्याची पद्धत रुळली आहे. अशा खोलीत प्रबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री प्रिंटर बंद-चालू होऊ लागला, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. शिवाय वारंवार होणारा हा खंड कधी कधी भिंतीतील सैल जोडणीची पूर्वसूचना असतो आणि सैल जोडणी तापून आग लागू शकते. यास्तव या दोषाकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

यंत्रातील दोन पहारेकरी

प्रिंटर स्वतःहून पुन्हा सुरू होतो तेव्हा बहुधा त्याच्या आतील संरक्षक व्यवस्थेने तसा निर्णय घेतलेला असतो. आधुनिक प्रिंटर हा एक लहान संगणकच आहे. त्यात प्रोसेसर, स्मृती आणि फर्मवेअर नावाची कायमस्वरूपी आज्ञावली असते. प्रोसेसरला मिळणारा विद्युतदाब ठरावीक पातळीखाली गेला, तर तो चुकीची गणिते करू लागेल. तसे होऊ नये म्हणून दाबावर लक्ष ठेवणारे एक मंडल असते. दाब घसरताच ते प्रोसेसरला थांबवते आणि दाब सावरल्यावर पहिल्यापासून सुरू करते.

दुसऱ्या पहारेकऱ्याला 'वॉचडॉग' म्हणजे राखणदार असेच नाव आहे. आज्ञावलीने ठरावीक अंतराने या घड्याळाला 'मी जागी आहे' असा संकेत द्यायचा असतो. एखाद्या किचकट किंवा सदोष मजकुरात आज्ञावली अडकून पडली आणि संकेत वेळेवर आला नाही, तर राखणदार तिला मृत समजतो व संपूर्ण यंत्र नव्याने सुरू करतो.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही घटना सारख्याच दिसतात. परंतु पहिली विजेची आहे आणि दुसरी माहितीची. कोणत्या पहारेकऱ्याने घंटा वाजवली हे ओळखणे, हाच या दोषाच्या शोधाचा गाभा होय. त्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नसते. यंत्र नेमके कोणत्या क्षणी बंद पडते, एवढे पाहावे लागते.

कागद आत जाताना किंवा छपाईला आरंभ होताना यंत्र मालवत असेल, तर संशय प्रथम विजेवर घ्यावा. यंत्र सुरू होऊन वाय-फायचा दिवा स्थिर होतो आणि त्यानंतर काही सेकंदांतच ते पुन्हा बंद पडते, असे घडत असेल, तर बाहेरून येणाऱ्या मजकुरावर संशय जातो. सुरुवातीच्या खडखडाटात, शाईची गाडी सरकत असताना, दर वेळी एकाच टप्प्यावर खंड पडत असेल, तर अडथळा यांत्रिक असण्याचा संभव अधिक. आणि कोणतीच वेळ जुळत नसेल, यंत्र रिकामे असतानाही मालवत असेल, तर प्लग, वायर किंवा अडॅप्टर यांपैकी काही सैल झालेले असते. दोन-तीन वेळा घड्याळ लावून केलेली ही नोंद दुरुस्ती करणाऱ्यालाही उपयोगी पडते.

पहिली चाचणी : जाळे तोडावे

सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची चाचणी जाळ्याची आहे. प्रिंटर बंद करावा. घरातील राउटरही बंद करावा आणि यूएसबी केबल असल्यास तीही काढावी. त्यानंतर प्रिंटर एकटाच सुरू करून दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा. मग त्याच्याच बटणांवरून किंवा पडद्यावरून चाचणी-पान छापावे. बहुतेक प्रिंटरमध्ये ही सोय असते. स्कॅनर असलेल्या यंत्रात साधी झेरॉक्स काढली तरी चालते.

या स्थितीत यंत्र शांत राहिले आणि पान नीट छापले गेले, तर वीजपुरवठा, मोटर व तापक भाग सर्वसाधारणपणे ठीक आहेत असे मानता येते. दोष पाठवलेल्या मजकुरात किंवा जाळ्यात आहे. एचपीच्या अनेक लेझर प्रिंटरांच्या पडद्यावर अशा वेळी ७९ पासून सुरू होणारा दोषक्रमांक उमटतो आणि त्या कंपनीच्या मार्गदर्शनातही केबल काढून यंत्र एकटे चालवून पाहण्याची पायरी आहे. इतर कंपन्यांचे क्रमांक निराळे असले तरी तर्क तोच राहतो.

एक सदोष मजकूर यंत्राला वारंवार का पाडतो, हे समजून घेण्याजोगे आहे. छपाईचा आदेश दिल्यावर मजकूर प्रथम संगणकातील रांगेत जातो. या रांगेला स्पूलर म्हणतात. प्रिंटर मध्येच बंद पडला, तर संगणकाच्या दृष्टीने काम अपुरे राहिलेले असते. प्रिंटर जाळ्यावर परतताच तो तेच काम पुन्हा पाठवतो, प्रिंटर तेथेच अडखळतो, राखणदार त्याला पुन्हा सुरू करतो आणि चक्र चालू राहते. प्रिंटरची वीज कितीही वेळा बंद-चालू केली तरी उपयोग होत नाही, कारण चूक त्याच्यापाशी नसून रांगेत वाट पाहत उभी असते.

भाड्याच्या सामायिक घरांत यावर आणखी एक गुंतागुंत असते. एकाच राउटरवर तीन लॅपटॉप आणि चार-पाच मोबाइल असतात. अडकलेले काम यांपैकी कोणाच्या यंत्रात आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. शेजारच्या खोलीतील रहिवाशाने सकाळी पाठवलेले आणि विसरलेले तिकीट रात्री दुसऱ्याचा प्रबंध अडवू शकते. यावर उपाय म्हणजे राउटर पुन्हा सुरू केल्यावर सर्व उपकरणांचे वाय-फाय बंद ठेवून ती एकेक करून जोडणे. ज्या उपकरणाची जोडणी होताच प्रिंटर मालवतो, त्याची रांग रिकामी करावी.

विंडोज असलेल्या संगणकात साधारणपणे प्रिंटरच्या रांगेची खिडकी उघडून कामे रद्द करता येतात. ती रद्द होत नसतील, तर सर्व्हिसेसच्या यादीतून 'प्रिंट स्पूलर' थांबवावा, सी ड्राइव्हवरील विंडोजच्या सिस्टिम-३२ या फोल्डरातील 'स्पूल' आणि त्यातील 'प्रिंटर्स' येथे साठलेल्या फाइली पुसाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. 'प्रिंटर्स' हे फोल्डर तसेच ठेवून केवळ त्याच्या आतील फाइली पुसायच्या, ही दक्षता घ्यावी.

देवनागरी मजकुराबाबत एक सूचना येथे आवश्यक आहे. जुने फाँट, मोठी चित्रे आणि पादटिपा यांनी भरलेली पीडीएफ काही साध्या प्रिंटरांना पेलत नाही. एखाद्या ठरावीक पानावरच यंत्र अडखळत असेल, तर अ‍ॅडोबीच्या रीडरमध्ये छपाईच्या प्रगत पर्यायांत असलेली 'प्रिंट अ‍ॅज इमेज' ही सोय वापरावी. तीत अक्षरांची जुळवणी संगणकच करतो आणि प्रिंटरकडे तयार चित्र जाते. छपाईला वेळ अधिक लागतो, परंतु काम पार पडते. दोनशे पानी प्रबंध एकदम न पाठवता वीस-वीस पानांचे गट पाठवणेही हितावह असते.

वाय-फायवर मात्र या प्रकरणात अकारण ठपका ठेवला जातो. मुनिरकातील गल्लीत मोबाइलवर आसपासच्या वाय-फायची यादी काढली, तर डझनावारी नावे दिसतात. त्यांतील बरीच २.४ गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यात असतात. भारतात हा पट्टा कमी क्षमतेच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. गर्दीमुळे संपर्क तुटतो, प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो, छपाई रेंगाळते. परंतु संपर्क तुटल्याने प्रिंटरची वीज जात नाही. दिवे मालवून यंत्र पहिल्यापासून सुरू होत असेल, तर राउटर बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी पुढील चाचणी करावी.

विजेचा हिशेब

जाळे तोडूनही यंत्र मालवत राहिले, तर लक्ष विजेकडे वळवावे लागते. येथे इंकजेट आणि लेझर प्रिंटर यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. इंकजेट प्रिंटरला छपाई करताना काही दशक वॅट पुरतात. लेझर प्रिंटरला टोनरची पूड कागदावर वितळवण्यासाठी आतील रूळ सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. हा तापक सुरू होताना घरगुती यंत्रही क्षणभर ९०० वॅटच्या आसपास, म्हणजे सुमारे ४ अँपिअर वीज ओढू शकते.

घरगुती जोडणीचा प्रमाण विद्युतदाब २३० व्होल्ट असून त्यात सहा टक्के कमी-अधिक ग्राह्य धरले जाते. मीटर तळमजल्यावर आणि खोली चौथ्या मजल्यावर असेल, तर वळसे धरून तारेची लांबी ३० मीटर आणि जाऊन-येऊन ६० मीटर सहज भरते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. म्हणजे या अंतरात ०.७ ओहम झाला. प्रिंटरच्या ४ अँपिअरमुळे जेमतेम ३ व्होल्ट घटतील. ते कोणाला कळणारही नाहीत. परंतु त्याच तारेवर वातानुकूलन यंत्र, गीझर आणि शेजारची खोलीही असेल व एकूण भार २० अँपिअर असेल, तर घट १४ व्होल्टची होते. उन्हाळ्याच्या दुपारी गल्लीतच दाब २१० व्होल्ट असला, तर प्रिंटरपर्यंत १९६ व्होल्टच पोहोचतात. त्यात सैल जोडाची भर पडली की पहारेकरी घंटा वाजवतो.

दिल्लीतील उन्हाळ्याचा भार किती असतो, याची कल्पना १९ जून २०२४ च्या नोंदीवरून येते. त्या दिवशी राजधानीची वीजमागणी ८,६५६ मेगावॉट या तोपर्यंतच्या उच्चांकावर गेली होती. मे-जूनमध्ये बंद-चालू होणारा प्रिंटर नोव्हेंबरात निमूटपणे काम करू लागला, तर त्याचे श्रेय दुरुस्तीला देण्याचे कारण नाही.

पूर्वी दाब उतरला की पिवळा दिवा मंद होत असे आणि घरातील लहान मुलालाही ते कळत असे. एलईडी दिव्यांनी ही खूण पुसून टाकली. त्यांतील मंडल दाब घसरला तरी प्रकाश स्थिर राखते. आता पंख्याची गती पाहावी, किंवा बाजारात मिळणारा, सॉकेटमध्ये खोचायचा अंकदर्शक व्होल्टमापक वापरावा. छपाई सुरू होताना आकडा १०-१५ व्होल्टने कोसळत असेल, तर वायरिंग तपासण्यासाठी वीजतंत्रज्ञास बोलवावे.

यंत्राच्या मागील पट्टीवर काय लिहिले आहे, तेही वाचावे. '१००–२४० व्होल्ट' असे असेल, तर असा इंकजेट प्रिंटर कमी दाबाने सहसा बंद पडणार नाही. तेथे सैल प्लग किंवा थकलेला अडॅप्टर हीच शक्यता धरावी. '२२०–२४० व्होल्ट' असे लिहिलेल्या लेझर प्रिंटरला मात्र उतरलेला दाब बाधतो.

अनेक घरांत प्रिंटर संगणकाच्या यूपीएसला जोडलेला असतो. ही चूक सर्रास होते. बाजारात सर्वाधिक दिसणारा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच भार पेलतो. लेझर प्रिंटरचा तापक सुरू होताच यूपीएस कोलमडतो आणि त्याबरोबर संगणकही. प्रिंटर उत्पादकही लेझर यंत्र अशा यूपीएसला जोडू नये असे सांगतात.

इन्व्हर्टरचा एक खोडसाळ प्रकार कमी लोकांना ठाऊक असतो. घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा दोन स्थितींचे बटण असते. 'यूपीएस' स्थितीत तो दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली जाताच बॅटरीवर उडी घेतो. साध्या स्थितीत १०० व्होल्टच्या आसपासपर्यंत बाहेरचीच वीज पुढे पाठवत राहतो. बाहेरचा दाब १८० च्या आगेमागे हेलकावत असेल, तर इन्व्हर्टर मिनिटाला अनेकदा इकडून तिकडे उड्या मारतो. प्रत्येक उडीत वीज काही सहस्रांश सेकंद खंडित होते. इंकजेट प्रिंटर हा खंड बहुधा पचवतो, लेझर प्रिंटर भर छपाईत असेल तर पचवीलच असे नाही. खोलीतून सतत 'टक-टक' असा आवाज येत असल्यास प्रिंटरकडे पाहण्यापूर्वी इन्व्हर्टरकडे पाहावे.

चाचणीचा मार्ग सरळ आहे. एक्स्टेन्शन बोर्ड, स्पाइक बोर्ड, यूपीएस, स्टॅबिलायझर हे सर्व बाजूला सारून प्रिंटर थेट भिंतीतील तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावावा. शक्य झाल्यास तो दुसऱ्या इमारतीतील मित्राकडे नेऊन तेथे पंचवीस-तीस पाने छापावीत. तेथे तो सुरळीत चालला, तर दोष घराच्या विजेत आहे.

सॉकेट काळवंडलेला असेल, प्लग हाताला गरम लागत असेल किंवा चरचर असा आवाज येत असेल, तर ते ठिकाण तत्काळ वापरातून काढावे. सैल जोडात ठिणग्या पडत असतात आणि प्रिंटरचे मालवणे हे त्याचे पहिले दृश्य लक्षण असू शकते. भाड्याच्या खोल्यांत आणखी एक उणीव नेहमी दिसते, ती अर्थिंगची. सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण मागे तार नसते. यंत्राच्या धातूच्या भागाला स्पर्श करताच मुंग्या आल्यासारखे वाटणे ही त्याची खूण होय. घरमालकाकडे याबाबत आग्रह धरणे भाडेकरूच्या हिताचे आहे. संपूर्ण इमारतीतच दाब कमी असल्यास तक्रार वितरण कंपनीकडे करावी लागते. दिल्लीतील वितरणाचे २००२ मध्ये खासगीकरण झाल्यापासून या भागाला बीएसईएस राजधानी वीज पुरवते आणि तिचा तक्रार क्रमांक १९१२३ आहे.

फर्मवेअरची बाजू

क्वचित प्रसंगी दोष ना विजेचा असतो, ना पाठवलेल्या मजकुराचा. यंत्र स्वतःच प्रत्येक आरंभी एखादी बिघडलेली फाइल वाचते आणि कोसळते. याचे सर्वपरिचित उदाहरण प्रिंटरचे नाही, चित्रफीत दाखवणाऱ्या यंत्रांचे आहे. जून २०२० मध्ये सॅमसंग कंपनीचे अनेक ब्लू-रे प्लेअर अचानक बंद-चालू होऊ लागले. नंतर प्रसिद्ध झालेल्या तांत्रिक विश्लेषणानुसार कंपनीच्या सर्व्हरवरून आलेली एक फाइल त्यांच्या आज्ञावलीला वाचता आली नव्हती आणि ती यंत्रात साठवली गेल्याने दर आरंभी तोच घात होत होता. इंटरनेट तोडूनही मग उपयोग नव्हता. यंत्रे दुरुस्तीसाठी मागवावी लागली. मे २०२३ मध्ये एचपीच्या ऑफिसजेट प्रो ९०२० ई मालिकेतील काही प्रिंटर सदोष फर्मवेअर उतरल्यानंतर निळ्या पडद्यावर दोषक्रमांक दाखवून अडकले होते.

तथापि, याचा अर्थ फर्मवेअर कधीच अद्ययावत करू नये, असा नाही. बंद-चालू होण्याचे काही दोष नव्या आवृत्तीनेच दूर होतात. ती उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावी, शक्यतो यूएसबी केबलने चढवावी आणि वीज खात्रीची असेल अशी वेळ निवडावी. फर्मवेअर चढत असताना वीज गेली, तर यंत्र कायमचे मूक होऊ शकते. या कामासाठी मुनिरकात मे महिन्यातील दुपारपेक्षा पहाट बरी. प्रिंटरची मूळ स्थिती पुनर्स्थापित करण्याचा पर्याय त्याआधी वापरून पाहावा. त्यात वाय-फायचा पासवर्ड पुसला जातो.

दुरुस्तीला नेताना

वरील सर्व करूनही यंत्र एकाच टप्प्यावर अडत असेल, तर झाकण उघडून अडकलेला कागदाचा तुकडा, आडवी आलेली पिन किंवा सरकमार्गावर वाळलेली शाई आहे का, ते पाहावे. पाल किंवा झुरळ विद्युतपटलावर मरून पडल्यानेही मंडल बिघडते. याहून आत मात्र जाऊ नये. २३० व्होल्टची वीज आत एकदिश झाल्यावर सुमारे ३२५ व्होल्टची होते आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ साठून राहते. लेझर प्रिंटरचा तापक भागही बराच वेळ पोळण्याइतका गरम असतो.

मुनिरकातून मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेने कालकाजी मंदिर आणि तेथून गाडी बदलून नेहरू प्लेस गाठता येते. दिल्लीचा जुना संगणक बाजार तेथे आहे आणि सुटे भागही मिळतात. यंत्र हमीच्या मुदतीत असल्यास मात्र प्रथम कंपनीच्या सेवाकेंद्राकडे जावे. अन्यत्र उघडलेल्या यंत्राची हमी नाकारली जाऊ शकते. सेवाकेंद्राने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. काउंटरवर 'प्रिंटर खराब झाला' एवढेच सांगितले, तर तेथील तंत्रज्ञ तो स्वच्छ दाबाच्या विजेवर लावतो, यंत्र नीट चालते आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन ते घरी परतते. त्याऐवजी कोणत्या क्षणी मालवते, जाळे तोडल्यावर काय झाले, दुसऱ्या घरी किती पाने निघाली आणि पडद्यावर कोणता क्रमांक होता, या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. तो कागद हाताने लिहिलेला असला तरी चालतो.